पगाराच्या खात्याचा क्रमांक कोण बदलतो?

सांगली, मिरज आणि कुपवाड या पट्ट्यातील लहान कारखान्यांची पगारपत्रके तयार करून देणे आणि त्यांची भविष्य निर्वाह निधी व राज्य कामगार विम्याची विवरणे भरणे हा माझा व्यवसाय आहे. माझे बहुतेक ग्राहक म्हणजे फाउंड्री, मशीनशॉप आणि हळदीचे पॅकिंग करणारे उद्योग. तिथे हिशेबाचे काम बहुधा एकच व्यक्ती पाहते, मालक दिवसभर शॉपवर नाहीतर ऑर्डरीच्या मागे बाहेरगावी असतो, आणि महिन्यातून एकदा, सगळ्यांना ठाऊक असलेल्या दिवशी, मोठी रक्कम एकगठ्ठा खात्यातून बाहेर पडते. फसवणूक करणाऱ्याला यापेक्षा सोयीची मांडणी क्वचितच मिळेल. कुपवाड औद्योगिक वसाहतीतील अशाच एका मशीनशॉपच्या पगारावर हल्ला झाला. रक्कम परत मिळवण्यासाठी आणि तो प्रकार पुन्हा होऊ नये म्हणून त्यानंतर जे जे करावे लागले, त्यातून मी त्या कारखान्याच्या बरोबरीने गेलो आहे. लहान उद्योजकांना आणि माझ्यासारखे काम करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ते तपशिलाने लिहीत आहे.

आमची पद्धत साधी होती. महिना संपला की मस्टरवरून हजेरी आणि ओव्हरटाइम माझ्याकडे येत असे, उचल व इतर कपाती वजा करून मी पगारपत्रक आणि बँकेत चढवायची फाइल तयार करत असे, आणि ती ईमेलने कारखान्याच्या हिशेबनीस ताईंना पाठवत असे. त्या ती नेटबँकिंगवर चढवत आणि मालक, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, ओटीपी देऊन मंजुरी देत. त्या महिन्यात माझी फाइल गेल्यानंतर थोड्याच वेळात त्याच पत्रव्यवहाराच्या साखळीत आणखी एक ईमेल ताईंना आला. बँकेच्या नव्या नमुन्यात फाइल पुन्हा पाठवत आहे, रकमांमध्ये काहीही बदल नाही, आधीची फाइल वापरू नये, असा त्यातला मजकूर होता. खाली माझी नेहमीची स्वाक्षरी होती, आमची जुनी पत्रेही जशीच्या तशी जोडलेली होती. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात माझ्या कार्यालयाच्या नावातले एक अक्षर तेवढे बदललेले होते.

त्या फाइलमधील कामगारांची संख्या बरोबर होती, एकूण रक्कम रुपयापर्यंत जुळत होती आणि नावेही तीच होती. बदलले होते ते केवळ जास्त पगाराच्या काही नावांसमोरचे खाते क्रमांक आणि आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचे संकेतांक. ताईंनी नेहमीप्रमाणे माणसे मोजली, बेरीज पडताळली आणि फाइल चढवली. इथे एक गोष्ट प्रत्येक उद्योजकाने समजून घेतली पाहिजे: आपल्याकडे एनईएफटीची, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत ऑनलाइन पाठवलेली रक्कम जमा होते ती खाते क्रमांकाच्या आधारावर, नावाच्या आधारावर नव्हे. पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव पाहता यावे, अशी सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करा, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले, आणि ती सोय फार मोलाची आहे. मात्र एकेक खाते नव्याने जोडताना जे नाव दिसते, ते या कारखान्याच्या बँकेत एकगठ्ठा फाइल चढवताना दिसत नव्हते. त्यामुळे नाव सुपरवायझरचे आणि खाते परराज्यातील अनोळखी माणसाचे, अशी ओळ विनाअडथळा पुढे गेली.

सात तारीख शुक्रवारी होती. मासिक पगारासाठी सात तारखेची मुदत १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून लहान आस्थापनांना लागू आहे आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तीच आहे, त्यामुळे आमच्याकडे या तारखेला घाई असतेच. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार होता, म्हणजे पुढचे दोन दिवस बँकेची शाखा बंद राहणार होती. एनईएफटी मात्र डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास आणि सुटीच्या दिवशीही चालते. शुक्रवारची संध्याकाळ त्यांनी जाणीवपूर्वक निवडली होती, याबद्दल मला शंका नाही.

रात्री सुपरवायझरचा फोन आला की बाकीच्यांचे पगार झाले, माझा आणि प्रोग्रामरचा नाही. मी माझी फाइल आणि बँकेत चढलेली फाइल शेजारी ठेवून पाहिली आणि प्रकार लक्षात आला. त्याच क्षणी आण्णांना १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करायला सांगितले. तक्रार खातेदाराने करणे सोपे जाते, म्हणून मी त्यांच्या कार्यालयात पोहोचेपर्यंत थांबू नका, असा माझा आग्रह होता. ही यंत्रणा २०२१ मध्ये उभी राहिली, आणि तिचे महत्त्व वेगात आहे: तक्रार नोंदली की तपशील थेट संबंधित बँकेकडे जातो, तिथे रक्कम शिल्लक असेल तर ती रोखली जाते, पुढे सरकली असेल तर पुढच्या बँकेकडे तोच निरोप जातो. चोरलेली रक्कम एका खात्यात थांबत नाही. भाड्याने घेतलेल्या तीन-चार खात्यांतून ती फिरते आणि शेवटी एटीएममधून रोख बाहेर पडते. म्हणून पहिल्या तासाभरातला एक फोन पुढच्या महिनाभराच्या अर्जांपेक्षा अधिक उपयोगी ठरतो.

हेल्पलाइनवर जी माहिती विचारतात ती हाताशी असली पाहिजे: आपला खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक), तारीख, वेळ, रक्कम आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील. एकगठ्ठा पगारात अडचण अशी येते की खातेउताऱ्यावर कधी कधी संपूर्ण फाइलची एकच रक्कम वजा झालेली दिसते आणि वेगवेगळे यूटीआर दिसतच नाहीत. ते नेटबँकिंगमधील फाइलच्या अहवालातून काढावे लागतात. तो अहवाल कुठे मिळतो हे संकटाच्या रात्री शोधत बसण्यापेक्षा प्रत्येक हिशेबनिसाने आजच एकदा उघडून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. तक्रार नोंदवल्यावर पोचक्रमांक मिळाला आणि नंतर सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर कागदपत्रांसह ती पूर्ण केली.

बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावरही आम्ही त्याच रात्री कळवले आणि लेखी ईमेल पाठवला. बँकेचे म्हणणे असे होते की फाइल ग्राहकाने स्वतः चढवली आणि मंजुरीही ग्राहकानेच दिली, त्यामुळे बँकेची जबाबदारी येत नाही. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार त्रयस्थाच्या कारवायांमुळे झालेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाचे दायित्व शून्य असते, हे आण्णांनी कुठेतरी वाचले होते आणि त्यांची सारी भिस्त त्यावर होती. ते संरक्षण खरे आहे, पण ज्या व्यवहाराला खातेदाराने स्वतः मंजुरी दिली आहे, मग ती फसवून का घेतलेली असेना, त्याला ते लागू करून घेणे फार कठीण जाते. लहान उद्योजकाने आपली सुरक्षितता या परिपत्रकावर सोडू नये, हे मला या प्रकरणात अगदी स्पष्ट दिसले.

शनिवारी सकाळी आम्ही सांगलीच्या सायबर पोलीस ठाण्यात गेलो. भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीचे आणि तोतयेगिरीचे कलम, तसेच माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६ क आणि ६६ ड ही कलमे अशा प्रकाराला लागतात. तपास अधिकाऱ्यांनी पहिली मागणी केली ती मूळ ईमेलची. ईमेल पुढे पाठवला, तर तो कोणत्या सर्व्हरवरून कसा आला हा त्याच्या शीर्षभागातील मजकूर हरवतो. त्यामुळे मूळ ईमेल मेलपेटीतच राहू द्यावा आणि त्याची पूर्ण प्रत उतरवून घ्यावी. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते, तेही आम्ही करून दिले. बनावट पत्र माझ्या नावाने आलेले असल्यामुळे मी माझ्या कार्यालयातील संगणक आणि मेलपेटीच्या लॉगिनच्या नोंदी स्वतःहून तपासणीसाठी दिल्या. पगाराचे काम करणाऱ्या प्रत्येकाने अशा वेळी हे विनासंकोच करावे, कारण आपल्याविषयीची शंका मिटली की तपास लवकर योग्य दिशेला लागतो.

मूळ सापडले ते कारखान्याच्या हिशेब विभागाच्या मेलपेटीत. काही आठवड्यांपूर्वी एका बनावट लॉगिन पानावर तिचा पासवर्ड गेला होता, आणि मेलपेटीत कोणीतरी एक छुपा नियम बसवला होता, ज्यामुळे माझ्याकडून येणाऱ्या प्रत्येक पत्राची प्रत बाहेर जात होती. म्हणजे पगार कधी होतो, फाइल कशी दिसते, मी कोणत्या शब्दांत लिहितो, हे ते शांतपणे वाचत बसले होते. हा प्रकार नवा नाही. पगाराची खाती वळवण्यासाठी चोर आधी लॉगिन मिळवतात आणि बदलाची सूचना कोणाला दिसू नये म्हणून मेलपेटीत नियम बसवतात, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने सप्टेंबर २०१८ मध्येच दिला होता. पासवर्ड बदलला तरी असा नियम तसाच राहू शकतो, म्हणून सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करणे, नियम आणि फॉरवर्डिंग तपासणे आणि द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डसोबत दुसरा कोड मागणारी) सुरू करणे ही तिन्ही कामे एकत्रच करावी लागतात.

हे उघड होईपर्यंतचे दिवस ताईंसाठी फार वाईट गेले. फाइल त्यांनी चढवली होती, एवढ्यावरून शॉपवर कुजबुज सुरू झाली. अनेक वर्षे एक रुपयाचाही घोळ न केलेल्या बाईकडे माणसे वेगळ्या नजरेने पाहू लागली. आण्णांनी त्यांच्यावर उघड संशय घेतला नाही, पण त्यांच्या मनातही प्रश्न होता, हे मला जाणवत होते. पैशाच्या नुकसानीपेक्षा मला हे अधिक लागले. ज्या व्यवस्थेत एकच व्यक्ती सगळे करते, तिथे काहीही बिघडले की संशय त्या एकाच व्यक्तीवर येतो, आणि निर्दोषपणा सिद्ध करायला तिच्याकडे काही नसते. दुहेरी तपासणीची मागणी मी पुढे केली, तेव्हा आण्णा म्हणाले, “म्हणजे आपल्याच माणसांवर विश्वास ठेवायचा नाही काय?” मी त्यांना एवढेच सांगितले की ही तपासणी सर्वांत आधी ताईंच्या संरक्षणासाठी आहे. ते त्यांना पटले.

पगार न मिळालेल्या कामगारांना आण्णांनी सोमवारी ओव्हरड्राफ्टमधून पुन्हा पैसे दिले. यात दुसरा पर्याय नव्हता आणि नसावाही, कारण चुकीच्या खात्यात गेलेली रक्कम म्हणजे कामगाराला दिलेला पगार होत नाही. रोखली गेलेली रक्कम मात्र आपोआप परत येत नाही. पोलिसांचा अहवाल घेऊन न्यायदंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करावा लागला. हमीपत्र, खातेउतारे, कोणत्या खात्यात किती रोखले आहे त्याची बँकांकडून आलेली माहिती, असे सगळे जोडून आदेश मिळाला आणि निम्म्याहून अधिक रक्कम कारखान्याच्या खात्यात परत आली. जी रक्कम पहिल्या काही तासांत एटीएममधून निघून गेली होती, ती गेलीच.

यानंतर आम्ही पगाराची पद्धत नव्याने बांधली, आणि माझ्या दृष्टीने या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. इतकी वर्षे सगळी काळजी पगार पाठवण्याच्या क्षणाची घेतली जात होती. खरा धोका त्याच्या आधी असतो, कामगाराच्या नावासमोरचा खाते क्रमांक बदलतो त्या क्षणी. म्हणून खाते क्रमांक बदलणे हा स्वतंत्र आर्थिक व्यवहार मानायचा आणि त्याला पैसे देण्याइतकीच कडक मंजुरी लावायची, हे आम्ही ठरवले.

खाते बदलण्याची विनंती येणे ही आमच्याकडे रोजची गोष्ट आहे, हेही ध्यानात ठेवावे लागते. एखाद्याचे खाते वापराविना निष्क्रिय झालेले असते, कोणाच्या खात्यातून फायनान्सचा हप्ता पगार जमा होताच कापला जातो, बिहार किंवा ओडिशातून आलेल्या मुलाला गावाकडच्या शाखेऐवजी कुपवाडमधली शाखा हवी असते. या माणसांना अपराध्यासारखे वागवणारा नियम टिकणार नाही आणि टिकूही नये. आमचा नियम असा आहे: विनंती कागदावर, कामगाराने स्वतः सुपरवायझरसमोर सही करून द्यायची, सोबत पासबुकाची झेरॉक्स किंवा रद्द केलेला चेक. ती वीस तारखेपर्यंत आली तर त्या महिन्यात, नंतर आली तर पुढच्या महिन्यात लागू होते. माझ्या कार्यालयातून कामगाराला फोन जातो, तो नोकरीला लागताना दिलेल्या क्रमांकावर, नव्या अर्जावरच्या क्रमांकावर नव्हे. नंतर नव्या खात्यात एक रुपया पाठवला जातो आणि तो मिळाल्याचे कामगाराने त्याच्या मोबाइलवर दाखवले की बदल पक्का होतो. व्हॉट्सॲप किंवा ईमेलवर आलेली विनंती, ती कोणाच्याही नावाने असो, ग्राह्य धरली जात नाही. यात मालकाचे नावही आले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटसारख्या मोठ्या संस्थेला २०२२ मध्ये प्रमुखांच्या नावाने आलेल्या बनावट संदेशामुळे एक कोटी रुपयांहून अधिक रक्कम गमवावी लागली होती, हे आण्णांना सांगितल्यावर त्यांनी स्वतःलाही या नियमात बांधून घेतले.

दुसरी सुधारणा बेरजेची. आमची फाइल रुपयांच्या बेरजेत जुळली होती, म्हणून आता आम्ही खाते क्रमांकांचीही बेरीज करतो. प्रत्येक क्रमांकाचे शेवटचे सहा अंक घ्यायचे आणि त्यांची एकूण बेरीज काढायची. पूर्ण क्रमांक घेऊ नये, कारण एक्सेल पंधरा अंकांपुढचे आकडे शून्य करून टाकते आणि काही बँकांचे क्रमांक त्याहून लांब असतात. क्रमांकांचा रकाना मजकूर म्हणून ठेवावा लागतो, तोही याच कारणासाठी. ही बेरीज मी ईमेलमध्ये लिहीत नाही, आण्णांना फोनवर सांगतो आणि ते वहीत लिहून घेतात. चढवलेल्या फाइलवरून ताई तीच बेरीज काढतात आणि दोन्ही जुळल्याशिवाय आण्णा ओटीपी देत नाहीत. वाटेत एका कामगाराच्या खात्याच्या या सहा अंकांतला एक अंक जरी बदलला, तरी ते लगेच दिसते. पगारपत्रकांच्या कामात हा उपाय फार जुना आहे. संगणक आल्यावर तो मागे पडला, एवढेच.

तिसरी तपासणी कामगाराकडे सोपवली, आणि माझ्या मते तीच सर्वांत भरवशाची आहे. पगाराच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला त्याच्या मोबाइलवर छोटा संदेश जातो: निव्वळ पगार, कापलेली उचल आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक. स्वतःच्या पगाराइतके बारकाईने माणूस दुसरे काही वाचत नाही. परराज्यातील मुलांना तो हिंदीत जातो.

मंजुरीसाठी बँकेतील चढवणारा आणि मंजूर करणारा अशा दोन वेगळ्या भूमिका पूर्वीपासून उपलब्ध होत्या, पण व्यवहारात मालक आपला मोबाइल हिशेबनिसाकडे ठेवून बाहेर जातो आणि दोन्ही भूमिका एकाच टेबलावर येतात. ते बंद झाले. आण्णा बाहेरगावी असले की त्यांचा मुलगा मंजुरी देतो आणि तसे बँकेला लेखी कळवलेले आहे.

माझ्या बाजूनेही काही गोष्टी बदलल्या. माझ्या डोमेनवर (ईमेल पत्त्यातील @ नंतरच्या नावावर) एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, पत्र खरोखर त्याच डोमेनवरून आले का हे तपासू देणाऱ्या नोंदी आहेत; माझ्या हुबेहूब पत्त्यावरून बनावट पत्र पाठवणे त्यामुळे अवघड होते, मात्र एक अक्षर बदलून घेतलेल्या डोमेनला त्या अडवू शकत नाहीत. म्हणून पगाराची फाइल ईमेलने पाठवणे मी पूर्ण थांबवले. ती आता लॉगिन करूनच उतरवून घ्यावी लागते, आणि ग्राहकांशी केलेल्या करारात आम्ही सुधारित फाइल ईमेलने कधीही पाठवत नाही असे लेखी कलम आहे.

एक तत्त्व मात्र मी पहिल्यापासून पाळत आलो आहे: ग्राहकाचा पगाराचा किंवा भविष्य निर्वाह निधीचा पैसा माझ्या खात्यातून कधीही जात नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील मायपेरोलएचआर ही पगार वाटप करणारी कंपनी अचानक कोसळली, तेव्हा पगारासाठी उद्योगांकडून घेतलेली सुमारे साडेतीन कोटी डॉलरची रक्कम वळवली गेल्याचे उघड झाले, आणि अनेक कामगारांच्या खात्यात जमा झालेले पगारही परत खेचले गेले. आपल्याकडे याचे लहान रूप म्हणजे सल्लागाराला निधीची रक्कम रोख द्यायची आणि त्याने आणून दिलेले चलन, म्हणजे भरणा केल्याची पावती, फायलीत लावायचे. चलन खोटे असेल तर ते वर्षानुवर्षे कळत नाही आणि जबाबदारी शेवटी मालकावरच येते. चलनावरचा टीआरआरएन हा ओळख क्रमांक निधी संघटनेच्या पोर्टलवर टाकला की भरणा झाला की नाही ते कोणालाही पाहता येते, आणि कामगाराला त्याच्या यूएएन (निधी खात्याचा कायमचा क्रमांक) पासबुकात दिसते. भरण्याची शेवटची तारीख पंधरा असते. वीस तारखेला ही पडताळणी ताईच करतात, मी नाही, कारण माझे काम मीच तपासण्यात अर्थ नाही.

कारखान्याच्या आतून होणाऱ्या फसवणुकीसाठी तपासणी त्यामानाने सोपी आहे. एकच खाते दोन नावांसमोर आहे का, काम सोडून गेलेल्याची हजेरी चालू आहे का, ठेकेदाराच्या यादीतील माणूस प्रत्यक्ष मशीनवर दिसतो का, हे सुपरवायझर तीन महिन्यांतून एकदा माझ्या यादीवर खुणा करून पाहतो. नवरा-बायको दोघेही कामावर असतील तर एकच खाते असू शकते. तिथे दोघांच्या सह्यांचा कागद घेतला जातो.

हीच पद्धत आता माधवनगर आणि मिरजेकडील ग्राहकांकडे सुरू करतो आहे. तिथल्या एका हळद कारखान्यात हंगामात महिला कामगारांची संख्या दुपटीने वाढते, बऱ्याच जणींकडे स्वतःचा मोबाइल नसतो आणि आदल्या दिवशीचा संदेश घरातल्या दुसऱ्याच माणसाकडे जातो. त्यांच्यासाठी पगाराच्या आदल्या दिवशी मुकादमीण प्रत्येकीला बाजूला बोलावून तिचा पगार आणि खात्याचे शेवटचे चार अंक वाचून दाखवते, आणि पासबुकाशी ताळा करून तिची सही किंवा अंगठा घेते. त्यात अर्धा दिवस जातो, आणि तो अर्धा दिवस कामाचा धरून त्याची मजुरी द्यायला त्या मालकांनी मान्यता दिली आहे.